माझ्या चष्म्याचा नंबर कोणी चुकवला

पालघर स्टेशनसमोरच्या चष्मेवाल्याने मला फसवलं. मी त्याला फसवलं, असं तो म्हणतो. त्याचंही म्हणणं मी इथे लिहिणार आहे, कारण मी धंद्याची बाई आहे आणि तराजूची दोन्ही पारडी दाखवल्याशिवाय माल विकत नाही. पण आधी माझं पारडं.

मी हिरा. नवापूरच्या किनाऱ्यावर राहते, सुकी मासळी घेते आणि बोईसरच्या बाजारात विकते. मी बोलते तशी लिहीत नाही. शाळा चौथीत सुटली. पुढचं वाचन मासळी बांधायच्या रद्दीवर झालं. ते कागद नाकाला लावून वाचताना जी छापील भाषा दिसली तीच हाताला लागली.

आपले डोळे चालले असं वाटून जे गप्प बसले आहेत, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. मीही गप्प बसले होते. गप्प बसणं माझ्या स्वभावात नाही, त्यावरून भीती केवढी असेल ते समजा.

जग असंच असतं

लांबचं सगळं विरघळलेलं असतं, असंच मला लहानपणापासून वाटायचं. झाड म्हणजे हिरवा गोळा. माणूस म्हणजे चालणारं लुगडं किंवा चालणारं धोतर. जवळ आलं की त्याला तोंड फुटायचं. सगळ्यांना असंच दिसत असणार, मला वेगळं दिसतं असं समजायला कारण काय?

उलट गावात माझ्या डोळ्यांचं नाव होतं. म्हाताऱ्या बायका सुया घेऊन माझ्याकडे यायच्या. कितीही बारीक नेढं असो, नाकाजवळ धरून मी एका दमात दोरा ओवायची. पोरींच्या डोक्यातली लीख मला दिसायची. "हिराचे डोळे घारीचे हायत," असं म्हणायचे. घारीला लांबचं दिसतं, हे तेव्हा कोणाच्या लक्षात आलं नाही.

आमच्या किनाऱ्यावर एक रीत आहे. होड्या परत येताना दिसल्या की बायका पाण्यात शिरतात. जी बाई आधी पोचून होडीला हात लावेल, तिने त्या होडीच्या मासळीचा भाव आधी बोलायचा. तिचा सौदा तुटला तरच दुसरीने तोंड उघडायचं. म्हणून लांबून होडी ओळखणं हीच आमची अर्धी कमाई. कोणाचा बावटा, कोणाचं शीड, होडी पाण्यात किती बसली आहे म्हणजे आत माल किती, हे सगळं बायका वाळूवर उभ्या राहून सांगतात.

मला पाण्यावर राखाडी ठिपके दिसायचे. लग्नानंतर पहिल्याच हंगामात मी छातीइतक्या पाण्यात धावत जाऊन एका होडीला हात लावला आणि मोठ्या रुबाबात म्हटलं, "बोला, काय आणलंत?" होडीतून परका आवाज आला, "तुझा नवरा मागच्या होडीत हाय, बाय. आमाला कशाला घरी नेतेस?"

सगळा किनारा हसला. माझी नणंद मथुरा सगळ्यांत जास्त हसली. त्या दिवसापासून मी ओल्या मासळीचा नाद सोडला आणि सुक्या मासळीत शिरले. सुक्या मासळीला लांबून बघायचं कामच नाही. बोंबील हातात घेतला, वाकवला, मोडताना आवाज कसा येतो ते ऐकलं, नाकाशी नेला की तो कोणत्या उन्हात सुकला आणि कोणत्या धुक्यात भिजला ते मी सांगायची. व्यापारी म्हणायचे, ही बाई मालाला नाक लावल्याशिवाय बोलत नाही, फार पोचलेली आहे. मी पोचलेली होतेच. पण नाक मी वासासाठी लावत होते तेवढंच बघण्यासाठीही लावत होते.

या सगळ्यात एक नुकसान झालं. रस्त्यात माणसं भेटली तरी मी ओळख देत नसे. दिसतच नव्हती तर ओळख कुठली देणार? लोक म्हणाले, हिराला पैशाचा माज आला. मथुरा तर माझ्याशी बोलायचीच बंद झाली. का, ते मला माहीत नव्हतं आणि विचारायला जाणं माझ्या रागात बसत नव्हतं.

सरावलीचा ट्रक

मग तारापूरला विजेच्या कारखान्याचं काम निघालं आणि आमचा रस्ताच बदलला. कुठून कुठून माणसं आली. घाटावरचे गवंडी, हिंदी बोलणारे मजूर, टोप्या घातलेले इंजिनियर. त्या मजुरांची एक खानावळ होती. ती चालवणारे सातारकडचे पाटील एकदा बाजारात माझ्यासमोर येऊन बसले.

"बाई, आमची माणसं सुकट मागत्यात. दर आठवड्याला आणून द्याल का? पण माल तुमच्या हातचा पायजे. दुसऱ्याच्या हातचा नको."

"माझ्या हातचा पायजे तर माझ्या भावानं घ्यायला लागंल," मी म्हटलं.

ते हसले आणि तयार झाले. असं गिऱ्हाईक मी जन्मात पाहिलं नव्हतं. त्या रात्री मी हरेश्वरला, म्हणजे माझ्या नवऱ्याला, नवीन शीड घ्यायचं बोलून दाखवलं.

पण रस्ता आता ट्रकांचा झाला होता. पूर्वी कुंभवलीवरून बोईसरला जाताना फक्त बैलगाड्या यायच्या आणि त्या मी घुंगरांवरून ओळखायची. आता सगळीकडे इंजिनांचा आवाज, कुठला जवळ आणि कुठला लांब काही कळेना. सरावलीपाशी मी रस्ता ओलांडत होते. समोर धुरळ्यासारखं काहीतरी दिसलं. मला वाटलं धुरळाच आहे. तो ट्रक होता. कोणीतरी मागून माझा पदर ओढला म्हणून मी वाचले. पाटी रस्त्यावर पडली आणि माझा जवळा चाकाखाली गेला.

ड्रायव्हर खाली उतरून ओरडला, "अंधी है क्या?"

मी त्याला माझ्या तोंडात होते नव्हते तेवढे शब्द दिले. पण त्याचा तो एक शब्द घरापर्यंत माझ्याबरोबर आला.

माझी आई म्हातारपणी आंधळी झाली होती. कोपऱ्यात बसून बोटांनी जवळ्यातला कचरा निवडायची आणि कोणी दारात आलं की विचारायची, "कोण हाय?" मला वाटलं, माझंही तेच सुरू झालं. आईचं साठीला झालं, माझं चाळिशीच्या आतच.

हरेश्वरने ट्रकची गोष्ट दुसऱ्याकडून ऐकली. तो फार बोलणारा माणूस नाही. जेवताना एवढंच म्हणाला, "उद्यापासून बाजारात मथुरा जाईल. खानावळीचा मालबी तीच देईल."

"माझं गिऱ्हाईक हाय ते."

"आन तू माजी बायको हायस. ट्रकखाली गेलीस तर गिऱ्हाईक काय रडायला येनार हाय?"

मी ताट सरकवलं आणि उठले. मथुराच्या हातात माझा धंदा जाणार, यापेक्षा ट्रक बरा, असं त्या वेळी मला खरंच वाटलं.

चष्मेवाला

पालघरला स्टेशनसमोर चष्म्याचं दुकान आहे, डोळे तपासून देतात, असं ऐकलं होतं. चष्मा म्हाताऱ्यांचा आणि मास्तरांचा, एवढंच आमच्याकडे माहीत. तरी मी हरेश्वरला म्हटलं, "मला येकदा पालघरला न्या. डोळे सुधारले तर बाजार माझा. नाय सुधारले तर मथुराचा." त्याने मान डोलावली. आमच्या घरात मान डोलावली की सौदा पक्का.

चष्मेवाला पन्नाशीचा, कोट घातलेला, फार गोड बोलणारा. गोड बोलणाऱ्या दुकानदारापुढे मी नेहमी सावध असते. त्याने माझ्या नाकावर लोखंडी सांगाडा चढवला आणि त्यात एकेक काच घालायला सुरुवात केली. समोर भिंतीवर अक्षरांचा पुठ्ठा.

"आता कसं दिसतं, बाई?"

इथे मला धंद्याची एक गोष्ट सांगितली पाहिजे. भाव ठरायच्या आधी माल चांगला आहे असं कधी म्हणायचं नाही. जो म्हणाला तो बुडाला. बोंबील कितीही पांढराशुभ्र असो, नाक मुरडायचं, "ओला वाटतो," म्हणायचं. हे मला कोणी शिकवलं नाही, मी मार खाऊन शिकले. आणि या माणसाने अजून भाव सांगितलाच नव्हता.

"ठीक नाय," मी म्हटलं.

"आणि ही?"

"ही तर त्याच्यापेक्षा वायट."

त्याने काच बदलली. आणि एकाएकी भिंतीवरचं कॅलेंडर उघडलं. त्यातल्या लक्ष्मीला नाक होतं, नाकात नथ होती, नथीत मोती होता. माझ्या छातीत असं धाडकन झालं की हरेश्वरला ऐकू गेलं असेल असं वाटलं. मी तोंडावरची रेघ हलू दिली नाही.

"आता?"

"काय खास नाय."

हरेश्वर मागून म्हणाला, "नीट बगून सांग ना."

"तुमी गप ऱ्हावा," मी म्हटलं. नवरे असेच भाव पाडतात.

माझा बेत असा होता. ती चांगली काच महाग असणार. तेव्हा आधी मधल्याच कुठल्यातरी काचेला "चालंल" म्हणायचं, तिचा भाव पाडायचा, आणि सौदा ठरला की शेवटी म्हणायचं, एवढं घेतलं तर ती दुसरी काच वर घाला. मासळीत आम्ही सौदा झाल्यावर मूठभर वर घालून घेतो, तसंच. चष्मेवाला काचा फिरवत होता, तिरप्या करत होता, "आता सरळ दिसतं का वाकडं?" विचारत होता, आणि मी दर वेळी खऱ्याच्या उलटं सांगत होते. शेवटी त्याने घाम पुसला. एका काचेला मी "चालंल" म्हटलं.

"ठीक," तो म्हणाला, एका चिठ्ठीवर काहीतरी खरडलं आणि पेटी बंद केली. "काचा मुंबईहून घासून येतील."

"आन भाव?"

त्याने भिंतीवरच्या पाटीकडे बोट दाखवलं. भाव तिथे लिहिलेला होता. आल्यापासून तिथेच होता. मला कसा दिसणार?

मी "वर" मागितलं. तो म्हणाला, चष्म्यावर वर काही मिळत नाही, फारतर डबी मिळेल. मी डबी घेतली.

कलती जमीन

चष्मा आला. मी लावला आणि उठले, तर जमीन कलली. भरतीच्या वेळी होडीत उभं राहावं तसं. उंबरा जवळ दिसायचा आणि पाय हवेत पडायचा. लांबचं थोडं उघडलं होतं खरं, पण सगळं एका बाजूला ओढल्यासारखं. दुपारपर्यंत कपाळात सुतार बसायचा. संध्याकाळी मी परसात जाऊन ओकायची आणि वर पाणी ओतायची, म्हणजे कोणाला कळू नये.

या दिवसांबद्दल मला खरं लिहायचं आहे. डोकं दुखणं हे मोठं नव्हतं. मोठं हे होतं की आता उपायही संपला. दुकानात ती नथ क्षणभर दिसली होती, आता चष्मा लावूनही नीट दिसत नाही म्हणजे आतलाच दिवा विझत चालला, असं मी धरून चालले. सकाळी उठले की आधी हाताची बोटं डोळ्यांपुढे धरून बघायची, कालच्याइतकी दिसतात का. बाजाराच्या दिवशी मथुरा माझी पाटी घेऊन दारावरून जायची. मी आत बसून जवळा निवडायची. एकदा दारात कोणाची तरी सावली पडली आणि माझ्या तोंडून निघालं, "कोण हाय?"

तो आईचा आवाज होता. तो ऐकून माझा धीरच सुटला.

सावली हरेश्वरची होती. तो आत आला, माझ्या शेजारी बसला आणि जवळा निवडायला लागला. त्याला निवडता येत नाही, कचरा ठेवतो आणि जवळा टाकतो. मी त्याच्या हातावर चापट मारली. मग मी रडले आणि डोकेदुखीचं, ओकाऱ्यांचं सगळं सांगितलं.

"मंग त्या शेटला जाऊन इचार की," तो म्हणाला. "घाबरतेस कवापासून?"

दुकानातलं भांडण

दुसऱ्याच दिवशी पहिल्या गाडीने पालघर. मी दुकानाच्या पायरीवर उभी राहिले आणि स्टेशनवर उतरणाऱ्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं की या माणसाने मला खोटा माल विकला. गर्दी जमली. चष्मेवाला बाहेर आला, माझा चष्मा हातात घेतला, चिठ्ठी काढून ताडून पाहिला.

"बाई, तुम्ही सांगितलंत तीच काच आहे. मी दहा वेळा विचारलं. सरळ दिसतं तेव्हा तुम्ही वाकडं म्हणालात का?"

"म्हणाले."

"का?"

"भाव ठरला नव्हता."

त्याला समजेना. मी समजावून सांगितलं. "शेट, भाव ठरायच्या आधी माल चांगला हाय असं कोन सांगतं?"

 तो पायरीवर बसला आणि असा हसला की त्याचा स्वतःचा चष्मा नाकावरून घसरला. गर्दीही हसली. एक हमाल म्हणाला, "बाय, डाक्टरला नाडी दाखवतानाबी हात मागं घेतेस काय?"

"सगळ्या काचांना एकच भाव असतो, बाई," चष्मेवाला डोळे पुसत म्हणाला. "जाड असो, पातळ असो."

"हे आदी का नाय सांगितलंस?"

  मी लबाडी केली असं तो म्हणतो. मी म्हणते, भाव झाकून माल दाखवणारा पहिला लबाड. पण त्या दिवशी तो एक गोष्ट नीट बोलला. म्हणाला, "इथल्या शाळेत डोळ्यांचं शिबिर लागलं आहे. मुंबईच्या डॉक्टरीणबाई आल्या आहेत. त्यांच्याकडून नंबर लिहून आणा. काचा मी बदलून देईन, आणि घासाघीस न करता देईन."

गर्दीसमोर दिलेला शब्द. मी लगेच उचलला.

पुन्हा शाळेत

शिबिर सुट्टीतल्या शाळेत होतं. वर्गातले बाक भिंतीला लावून खाटा टाकलेल्या. मोतीबिंदू काढलेली माणसं डोळ्यांवर पट्ट्या बांधून उताणी पडलेली, डोकं हलू नये म्हणून दोन्ही कानांशी वाळूच्या पिशव्या. सकाळी परिचारिका एकेकाला तोंड धुवायला मदत करायची, मग पेज, मग औषध, मग पुन्हा न हलता पडून राहणं. खोकायचीसुद्धा बंदी. मला दोन दिवस राहायला सांगितलं, कारण डोळ्यांत थेंब घालून एकदा तपासायचं आणि थेंबांचा अंमल उतरला की पुन्हा तपासायचं होतं.

थेंब घातल्यावर बाहुल्या मोठ्या होतात आणि ऊन सुईसारखं टोचतं. मी पदर डोक्यावरून ओढून भिंतीशी बसले. शेजारच्या खाटेवर डोंगराकडच्या एका गावची जानीआजी होती, दोन्ही डोळे बांधलेली.

"कोन बसलंय? मासळीचा वास येतो," ती म्हणाली.

"मीच. वास येतो तर तोंड फिरव."

"फिरवू कशी? वाळू लावलीय डोक्याला. आन फिरवायचं कशाला? ह्या पेजेला तोंडीलावनं नाय. बोंबील हाय का कुठं लपवलेला?"

माझ्या पिशवीत भाजलेले होते. परिचारिकेची पाठ वळली की मी एकेक तुकडा तिच्या तोंडात घालायची. चावायची बंदी होती, म्हणून ती चोखत राहायची आणि ते तोंड बघूनच माझं अर्धं दुखणं पळायचं. मी विचारलं, पट्टी काढल्यावर पहिलं काय बघशील?

"चूल," ती म्हणाली. "सून सांगते लख्ख ठेवलीय. बगतेच आता."

मी हसले, आणि मग आई आठवली. आईच्या बाहुल्या पांढऱ्या झाल्या होत्या, म्हणजे तिलाही हाच मोतीबिंदू. आम्ही म्हटलं, वय झालं.

डॉक्टरीणबाई तरुण होत्या, हाताला थंड आणि बोलायला तोडून. अंधाऱ्या खोलीत त्यांनी मला बसवलं आणि एका छोट्या आरशातून माझ्या डोळ्यात उजेड टाकला. उजेड हलवायच्या, काच बदलायच्या, पुन्हा हलवायच्या. मला काही विचारत नव्हत्या.

"बाई, तुमी इचारत का नाय, कसं दिसतं ते?"

"तुमचा डोळा सांगतो आहे. तुम्ही जरा गप्प बसा."

मी गप्प बसले. माझ्या डोळ्याने माझ्यामागे सगळा भाव फोडला.

मग त्यांनी डोळ्याच्या आत खोलवर पाहिलं. बराच वेळ. मी दोन्ही हातांनी स्टूल धरून ठेवलं होतं. "बाई," मी म्हटलं, "आंदळी होनार ना मी? सांगून टाका."

"कोण म्हणालं? डोळा धडधाकट आहे. थोडा लांबट आहे, इतकंच. लांबच्या वस्तूचं चित्र डोळ्याच्या मागच्या पडद्यावर पडायला हवं, ते तुमच्यात पडद्याच्या अलीकडेच पडतं. काच ते मागे ढकलते. शिवाय डोळ्याच्या पुढच्या काचेची गोलाई एकसारखी नाही, म्हणून रेषा वाकड्या दिसतात. त्यालाही काच आहे, पण ती नेमक्या कोनात बसवावी लागते. तुमची भलत्याच कोनात बसवली होती."

जाळं आखूड टाकलं की मासळी त्याच्या पलीकडून निघून जाते. मला लगेच समजलं. एवढंच होतं. रोग नव्हता, शाप नव्हता, आईचा वारसा नव्हता. फक्त अंतर चुकलं होतं. मला उठून त्या थंड हातांच्या बाईला मिठी मारावीशी वाटली.

चिठ्ठी लिहिता लिहिता त्यांनी विचारलं, "हे लहानपणापासून असणार. शाळेत कोणाच्या लक्षात नाही आलं?"

मी चिठ्ठीसाठी हात पुढे केला.

शाळेत मुलींना मागच्या भिंतीशी बसवायचे. फळा म्हणजे मला काळा डाग. मास्तर विचारायचे, वर काय लिहिलंय ते वाच. मी गप्प. मग ते माझ्यापर्यंत चालत यायचे, कान पिळायला वाकायचे, आणि तेव्हा कुठे मला त्यांचा चेहरा दिसायचा, घामेजलेलं कपाळ, नाकावरचा चष्मा, त्याची दोऱ्याने बांधलेली काडी. चौथीत त्यांनी आईला बोलावून सांगितलं, पोरगी मठ्ठ आहे, तिच्यावर वेळ घालवू नका. आईने मला त्याच दिवशी जवळा निवडायला बसवलं.

होडीला हात

चष्मेवाल्याने शब्द पाळला. नव्या काचा बसवून त्याने स्वतःच्या हाताने चष्मा माझ्या नाकावर चढवला आणि मुद्दाम विचारलं, "कसं दिसतं, बाई?"

मी दुकानाबाहेर पाहिलं. चिंचेच्या झाडाला पानं होती. सुटी, वेगवेगळी, हलणारी पानं, मला कोणी सांगितलंच नव्हतं की ती लांबूनही मोजता येतात. स्टेशनच्या छपरावर कौलं होती. दूर काळदुर्गाच्या डोंगराला धार होती, मऊ गोळा नव्हता तो. हरेश्वरच्या कानावर केस होते, ते मला माहीत होतं, पण दुकानाच्या दुसऱ्या टोकाला उभा असलेला माणूस डोळे पुसतो आहे हे मला दिसलं आणि तो हरेश्वर होता.

"चांगलं दिसतं," मी म्हटलं. आयुष्यात पहिल्यांदा मी मालाची तोंडावर स्तुती केली.

बोईसरच्या बाजारात पहिल्याच दिवशी दिसलं की दोन व्यापारी माझ्याशी भाव बोलताना एकमेकांना भुवईने खुणावतात. इतकी वर्षं माझ्या डोक्यावरून त्यांचा वेगळा बाजार चालू होता. मीही भुवई उडवली. त्यांचे चेहरे बघायला मिळाले, त्यातच चष्म्याचे पैसे फिटले. खानावळीचे पाटील म्हणाले, "बाई, आता नाक न लावता माल बगता व्हय?" मी म्हटलं, "आता दोन्ही लावते. भाव वाढंल."

घरी येताना कुंभवलीच्या वळणावर लांबून एक बाई येताना दिसली. तिने हात वर केला आणि हसली. मथुरा. मीही हात वर केला. ती जागच्या जागी थांबली.

"वयनी, आज दिसले वाटतं मी?"

"म्हंजे?"

"इतकी वरसं हात दाखवते. तू सरळ पुढं जातेस. होडीवरून हसले त्याचा राग धरलास, असं वाटलं मला. मंग मीबी दाखवायचं सोडलं. आज सवयीनं गेला हात."

मी तिला चष्मा काढून दिला, म्हटलं लावून बघ. तिने लावला आणि लगेच काढला. "आई गं, भवरा आला." "मला ह्याच्याशिवाय असं दिसत होतं," मी म्हटलं. आता आठवड्याची पाटी आम्ही दोघी उचलतो. रस्ता मी ओलांडून देते.

आणि मग तो दिवस. होड्या परत येत होत्या आणि मी वाळूवर उभी होते. ठिपके नव्हते ते. शिडं होती, शिडांना ठिगळं होती, बावटे होते, आणि लाल बावट्याला पांढरी कड मी स्वतः शिवून दिलेली, ती मला एवढ्या लांबून दिसली. मी पाण्यात शिरले. इतर बायका अजून कपाळावर हात धरून बघत होत्या. एका हाताने चष्मा धरला आणि दुसऱ्या हाताने होडीच्या लाकडावर थाप मारली.

हरेश्वर वरून वाकला. "हिरा, ही आपलीच होडी हाय."

"ठाव हाय. आदी भाव बोला."

एक हिशोब राहिला

चष्मेवाल्याशी माझा वाद मिटला नाही, पण आम्ही बोलतो. गावातून कोणाला पाठवते तेव्हा आधी सांगून पाठवते की काचेचा भाव एकच असतो, डोळ्याचं खरं सांगा. हे वाचणाऱ्यांनाही तेच सांगते. डोळे दाखवायला जाल तेव्हा धंदा घरी ठेवा.

पण परवा पालघरच्या बाजारात रस्त्याच्या पलीकडे मला एक म्हातारा दिसला. धोतर, छत्री, लोक वाकून नमस्कार करत होते. मी त्याला लांबून ओळखलं. माझे मास्तर. आणि त्यांच्या नाकावर चष्मा होता, दोऱ्याने काडी बांधलेला, तसाच. त्यांनी तो काढला, उपरण्याने पुसला, काढल्यावर डोळे बारीक करून चाचपडत इकडेतिकडे पाहिलं आणि पुन्हा लावला.

मी तिथेच उभी राहिले. त्यांना माहीत होतं. चष्म्याशिवाय कसं दिसतं हे सगळ्या गावात त्या एकाच माणसाला माहीत होतं, आणि त्याच काचांतून त्यांनी मला मठ्ठ ठरवलं.

मी रस्ता ओलांडला नाही. भर बाजारात ओरडले असते तर लोक म्हणाले असते, कोळीण भांडते आहे. म्हणून हे लिहिलं. मास्तर, हा कागद तुमच्या हातात पडेलच. तुमचा चष्मा लावा आणि वाचा. शेवटच्या भिंतीशी बसलेल्या पोरीला फळा दिसतो का, हे एकदा विचारायला तुम्हाला काय पडलं असतं? माझी शाळा तुम्ही घेतलीत. बदल्यात मला उत्तर द्या. मी दर बाजाराच्या दिवशी बोईसरला बसते. लांबून याल तरी मला दिसाल.